एका केसावरून ओळख पक्की होते का?

बेपत्ता तरुणीचा एक केस सापडला की डीएनएवरून तिची ओळख पक्की होते, हा समज बराच काळ फिरतो आहे. प्रत्यक्षात आपोआप गळलेल्या केसाच्या मुळाशी जिवंत पेशी क्वचितच उरतात. त्यामुळे नेहमीच्या चाचणीत बहुधा आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनएच मिळतो, आणि तो सख्ख्या बहिणींचा सहसा सारखाच असल्याने केस तिचा असू शकतो, एवढेच म्हणता येते. आपल्याच फणीतला केस भिंगाखाली पाहावा: गळलेल्याच्या टोकाला कोरडी पांढरी गाठ दिसते, उपटलेल्याच्या मुळाला अनेकदा ओलसर आवरण असते, आणि ओळख पटवणाऱ्या पेशी त्यातच मिळू शकतात. म्हणूनच घरच्यांनी, कितीही जीव तुटत असला तरी, तिची खोली आवरू नये. तिचा टूथब्रश हात न लावता तपास अधिकाऱ्यांना दाखवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नये, कारण कोंडलेल्या ओलाव्याने डीएनए खराब होतो.