लग्नाच्या अल्बममधले ब्लॅक अँड व्हाइट फोटो : बुकिंगच्या आधी वाचायचं पत्रक

बुकिंगला आलेली मुलगी मोबाइल पुढे करते आणि म्हणते, "दादा, असे ब्लॅक अँड व्हाइट पाहिजेत, भरपूर." शेजारी बसलेली तिची आजी तोच मोबाइल हातात घेते, चष्मा कपाळावर सरकवते आणि विचारते, "काऊन जी, रंगाचे पैसे नाही भरले का यायनं?" नागपुरात गेली काही वर्षं हा प्रसंग आमच्या टेबलासमोर दर हंगामात घडतो. दोघींचंही म्हणणं आम्हाला पटतं, म्हणून हे पत्रक.

किती फोटो ब्लॅक अँड व्हाइट देणार, याचा आकडा आम्ही आधी सांगत नाही. एखाद्या लग्नात तीस निघतात, एखाद्यात सहा. फोटोतला रंग काढल्यावर जे बघायचं होतं ते जास्त ठळक दिसलं, तर तो फोटो कृष्णधवल. रंगासोबत फोटोचा जीवच गेला, तर रंगीत. हे एकेक फोटो उघडूनच ठरतं. 'सगळा अल्बम ब्लॅक अँड व्हाइट करून द्या' म्हणणाऱ्यांना आम्ही हात जोडून नाही म्हणतो. घरच्यांनी महिनाभर इतवारी आणि सीताबर्डीचे फेरे मारून साड्या निवडलेल्या असतात, त्यांचं काय?

फोटो निघतो रंगीतच

लग्नात आम्ही कॅमेरा ब्लॅक अँड व्हाइटवर लावत नाही. प्रत्येक फोटो रॉ फाइलमध्ये घेतो. त्यात सेन्सरने टिपलेला सगळा रंग शाबूत असतो आणि तो कृष्णधवल करायचं काम नंतर कॉम्प्युटरवर होतं. त्यामुळे अल्बममधल्या प्रत्येक ब्लॅक अँड व्हाइट फोटोची रंगीत प्रत पेन ड्राइव्हमध्ये तुम्हाला मिळतेच. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

घरातला एखादा हौशी भाऊ कॅमेरा घेऊन फिरणार असेल तर त्याला एवढंच सांगा : कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवून नुसती जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने तिथेच तयार करून दिलेली फाइल, काढली, तर त्या फोटोतला रंग कायमचा जातो, तो कुणालाच परत आणता येत नाही. फक्त कृष्णधवल टिपणारेही कॅमेरे आहेत, लायका कंपनीने २०१२ मध्ये तसा एक आणला. त्याचे फोटो सुरेख येतात. पण लग्नात तो वापरायची आमची हिंमत नाही.

कुंकू कुठं गेलं?

आता जरा कारागिरीचं. वाचायला कंटाळा आला तरी हा भाग सोडू नका, कारण आमची सगळ्यात मोठी चूक इथेच झाली होती.

रंगीत फोटो कृष्णधवल करताना लाल, हिरवा आणि निळा यांतला प्रत्येक रंग किती उजळ करड्यात उतरवायचा, हे ठरवावं लागतं. टीव्हीच्या जमान्यापासून चालत आलेलं एक माप आहे : साधारण ३० टक्के लाल, ५९ टक्के हिरवा, ११ टक्के निळा. माणसाच्या डोळ्याला हिरवा उजेड जास्त जाणवतो म्हणून त्याचा वाटा मोठा. बटण दाबलं की होणारा ब्लॅक अँड व्हाइट बहुतेक अशाच कुठल्या तरी मापाने होतो. लग्नाच्या फोटोला हे माप बरेचदा लागू पडत नाही. लाल शालू आणि त्यावरचा गडद हिरवा चुडा, डोळ्यांना एवढे वेगळे दिसणारे दोन रंग, जवळजवळ एकाच करड्यात येऊन बसतात. चुडा दिसेनासा होतो. म्हणून हे प्रमाण आम्ही फोटो बघून हाताने बदलतो.

असंच एकदा बदललं. सुरुवातीची वर्षं होती. लाल वाढवला की चेहरा स्वच्छ होतो, मुरमं आणि डाग फिके पडतात, म्हणून आम्ही तो सढळ हाताने वाढवला. फोटो दृष्ट लागेल असा झाला होता. अल्बम घरी पोचला आणि संध्याकाळी नवरीची आई दारात उभी. "माह्या पोरीच्या कपायावरचं कुंकू कुठं गेलं?" लाल वाढवल्यावर लाल ते सगळं उजळ होणारच. ओठ फिके पडले होते आणि कुंकू कपाळाच्या रंगात विरून गेलं होतं. ही तांत्रिक बाब आहे, असं सांगायला आम्ही तोंड उघडलं आणि मिटलं. लग्नाच्या फोटोत सवाशिणीच्या कपाळावर कुंकू नाही, हे त्या माउलीला कुठल्या तोंडाने समजावणार? अल्बमची ती शीट, म्हणजे ते पान, आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा छापली. तेव्हापासून कुठलाही ब्लॅक अँड व्हाइट फोटो छपाईला जाण्याआधी आधी कपाळ बघायचं, मग बाकीचं, अशी आमच्याकडे रीत आहे.

गंमत अशी की पूर्वी उलट व्हायचं. फोटो ज्यांवर टिपला जायचा त्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म यांना लाल रंग कळतच नसे. म्हणून खूप जुन्या फोटोत कुंकू काळंकुट्ट आणि गोरी माणसंही सावळी दिसतात.

हळदीचं वेगळंच. पिवळा रंग करड्यात फार उजळ येतो आणि गव्हाळ अंगावर लावलेली हळद दिसतच नाही. ती दिसावी म्हणून पिवळा गडद केला तर अंगाला चिखल फासल्यासारखं वाटतं. त्यामुळे हळदीचे फोटो आम्ही रंगीतच ठेवतो. एखादी करवली नवरदेवाच्या अंगावर तांब्या रिकामा करते आणि पाण्याचे थेंब हवेत थांबलेले सापडतात, तेवढा अपवाद. मेंदी मात्र ब्लॅक अँड व्हाइटमध्ये खुलते, लालला हात लावला नाही तर. पैठणीचा पदर कधीही नाही : काठाची जर चमकेल, पण मोर कुठला आणि पोपट कुठला हे कळणार नाही.

मांडवातला उजेड

नागपुरातल्या लग्नात एकाच चेहऱ्यावर तीन-चार तऱ्हेचा उजेड असतो. व्हिडिओवाल्याच्या हॅलोजनचा पिवळा, साधारण ३२०० केल्विन (उजेडाचा रंग मोजायचं माप). दारातून येणारा दिवसाचा पांढरा, साधारण ५५०० केल्विन. वरून लाल-पिवळ्या कनातीतून गाळून आलेला. आणि डेकोरेशनवाल्याने मागे लावलेल्या एलईडीचा जांभळा. रंगीत फोटोत एक गाल हळदीसारखा आणि दुसरा वांग्यासारखा. एक रंग नीट करायला जावं तर दुसरा बिघडतो. अशा वेळी रंग काढून टाकला की चेहरा पुन्हा चेहरा होतो, आणि इथे ब्लॅक अँड व्हाइट खरोखर कामाला येतं.

पण जांभळा उजेड थेट तोंडावर असेल तर आमचाही इलाज चालत नाही. त्या उजेडात हिरवा भाग जवळपास नसतोच, लाल आणि निळा एवढे भरून येतात की गालाचा उतार, डोळ्यांखालची रेघ, काहीच नोंदलं जात नाही. जे टिपलंच नाही ते काढणार कुठून? म्हणून डेकोरेशनवाल्याला आमच्यातर्फे एक निरोप द्या : भिंतीवर काय लावायचं ते लाव, पण मंगलाष्टकं सुरू असताना नवरा-नवरीच्या तोंडावर साधा पांढरा उजेड ठेव.

आणखी एक खरं सांगतो. आमच्या धंद्यात हललेला, फोकस चुकलेला फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून 'आर्टिस्टिक' म्हणून खपवायची पद्धत आहे. फोटो हलला तर हलला, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. तो आम्ही अल्बममध्ये घेत नाही.

मे महिन्यातलं भर दुपारचं लग्न म्हणजे बाहेर ४५ अंश आणि डोक्यावर सूर्य. डोळ्यांच्या जागी काळे खड्डे पडतात. अशा लग्नात अर्धा तास काढून नवरीला खिडकीशी बसवू द्या. महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या अरुंद खिडक्यांतून एका बाजूने जो मऊ उजेड येतो त्याला तोड नाही. हॉलमधली मेकअप रूमही चालते, फक्त ट्यूबलाइट बंद करावी लागते.

आम्ही ब्लॅक अँड व्हाइटसाठी थांबतो ते क्षण तसे थोडेच. अंतरपाट दूर व्हायच्या आधीचा नवरीचा श्वास. कन्यादानाच्या वेळी एकावर एक आलेले हात आणि त्यांवरून ओघळणारं पाणी. पाठवणीला गाडीच्या काचेवर टेकलेला बापाचा तळहात. त्या बापाच्या शर्टाचा रंग कोणता होता हे कुणालाच बघायचं नसतं.

पांढऱ्या वेशातलं लग्न

आमच्याकडे येणाऱ्यांत बौद्ध कुटुंबं भरपूर आहेत. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या शहरात ते असणारच. मंगल परिणयाच्या विधीला वधू-वर दोघंही पांढऱ्यात असतात आणि इथे ब्लॅक अँड व्हाइट हलक्या हाताने करावं लागतं. काळ्या-पांढऱ्याचा फरक ओढून ताणला की साडीचा विणकामातला काठ, निऱ्या, सदऱ्याची शिवण, सगळं एका पांढऱ्या ठिगळात जातं. म्हणून फोटो घेतानाच उजेड थोडा कमी धरतो. नीट जमला तर पांढऱ्यावर पांढरं आणि मध्ये दोन चेहरे, असा फोटो रंगीतपेक्षा वरचढ ठरतो. मात्र पंचशील ध्वज फ्रेममध्ये असेल तर तो फोटो रंगीतच राहील. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी हे रंग काढून टाकले तर ध्वजाचं उरलं काय?

घरातल्या मोठ्यांचं मन

'शुभकार्यात काळं कशाला?' मंगळसूत्राचे मणी काळेच असतात हे उत्तर आमच्या जिभेवर येतं, पण आम्ही ते देत नाही, कारण खरी भीती वेगळी असते. आपल्याकडे भिंतीवरचा एकट्या म्हाताऱ्या माणसाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो म्हणजे हार घातलेला फोटो. एका नातवाने हौसेने आजोबांचा तसा मोठा फोटो आमच्याकडून करून घेतला. आजोबांनी बघितला आणि म्हणाले, "अजून आहो न मी, बाप्पा." त्यांनी ते हसत म्हटलं होतं, पण फोटो कपाटावर गेला तो गेलाच. आता आजी-आजोबांचा एकट्याचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय आम्ही ब्लॅक अँड व्हाइट करत नाही. नातवंडांसोबतचा, हसताना, पंगतीत वाढताना काढलेला चालतो. घरच्यांचे ग्रुप फोटो तर कायम रंगीत. कुणी कोणती साडी नेसली होती यावर पुढे वीस वर्षं बोलणं होणार असतं.

शालू तेवढा लाल आणि बाकी सगळं काळं-पांढरं, हा प्रकार मागितला तर देऊ. पण एकदा तरी विचार बदलायचा आग्रह करू.

छपाई आणि भिंत

अल्बमच्या १२ बाय ३६ इंची शीट लॅबमध्ये रंगीत फोटोच्या कागदावरच छापल्या जातात. त्या कागदावर करडा रंगसुद्धा तीन रंग मिसळूनच तयार होतो, त्यामुळे मशीनचं रंगांचं प्रमाण जरा हललं की फोटोला हिरवट नाहीतर जांभळट झाक येते. म्हणून आधी एक पट्टी छापून घेतो आणि ती दिवसाच्या उजेडात तुम्हालाही दाखवतो. स्टुडिओतल्या एलईडीखाली पास करू नका, आम्ही आग्रह केला तरी. भिंतीवर लावायचा मोठा फोटो कॉटनच्या कागदावर, करड्या शाईची वेगळी काडतुसं असलेल्या पिगमेंट प्रिंटरवर करून घेतलेला बरा. महाग पडतो, पण करडा करडाच दिसतो.

घरातली जुनी रंगीत छायाचित्रं लालसर झालेली असतात, कारण त्यांतला निळसर रंग आधी उडाला. त्याहून जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो मात्र टवटवीत दिसतात, कारण ते चांदीच्या कणांचे आहेत. हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, नीट धुतलं नसेल तर तेही पिवळे पडतात. आजचा अल्बममधला ब्लॅक अँड व्हाइट चांदीचा नाही, त्यामुळे तो आजोबांच्या फोटोसारखा टिकेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

फोटो कूलरच्या वाऱ्यात किंवा पश्चिमेचं ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका. कूलरच्या दमट हवेने फोटो काचेला चिकटतो आणि मग सोलून निघतो. फ्रेम करताना काच आणि फोटो यांमध्ये माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट ठेवायला सांगा.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी भेटायला या. येताना शालूचा आणि हळदीच्या साडीचा मोबाइलवर काढलेला फोटो, डेकोरेशनवाल्याचा नंबर आणि कुणाचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट नको त्यांची नावं आणा. लग्नानंतर सिलेक्शनच्या दिवशी प्रत्येक कृष्णधवल फोटो रंगीत प्रतीशेजारी ठेवून दाखवू आणि तुम्ही होकार दिल्यावरच शीट छपाईला जाईल. त्या दिवशी घरातलं एक मोठं माणूस सोबत असू द्या, शक्यतो आजीच.