लाईट दोन-तीनदा येऊन-जाऊन मग का जाते?

मृगाचा शिडकावा झाला की श्रीवर्धनपासून देवगडपर्यंत एकच तक्रार: लाईट जाते, येते, पुन्हा जाते. "सबस्टेशनात बसून बटणांशी खेळतायत," असं कुणीतरी म्हणतंच. प्रत्यक्षात त्या वेळी एक यंत्र लाईन तपासत असतं.

खारा वारा उन्हाळाभर खांबावरच्या इन्सुलेटरवर, म्हणजे तारेची वीज खांबात उतरू न देणाऱ्या आधारावर, मिठाचा थर चढवतो. कोरड्या मिठातून वीज जात नाही. रिमझिम पडली की थर ओला होतो आणि ११ हजार व्होल्टची वीज त्यावरून ठिणग्या टाकत खांबात उतरते. धोधो पाऊस परवडला, तो मीठ धुऊन तरी नेतो. माडाची झावळ तारेला घासली तरी तेच. उघड्या तारांवरचे साधारण ७० ते ८० टक्के बिघाड असे क्षणिक असतात. वीज जराशी तोडली की ठिणगी विझते, लाईन ठीक.

बिघाड क्षणिक की कायमचा, हा फरक फ्यूजला कळत नाही. डीओ (खांबावरचा ड्रॉप-आउट फ्यूज) उडाला की भर पावसात वायरमनने खांब गाठायचा. सुरुवातीला म्हटलेलं यंत्र, म्हणजे ऑटो-रिक्लोजर, मात्र लाईन तोडतो, थांबतो, पुन्हा जोडून बघतो. बिघाड कायमचा असेल तर ठरलेल्या प्रयत्नांनंतर लाईन बंदच ठेवतो.

माझा जीव मात्र मुख्य लाईनीतून फुटणाऱ्या फाट्यावर बसवलेल्या सेक्शनलायझर या यंत्रावर. बिघाडातला प्रचंड प्रवाह तोडायची ताकद त्याच्यात नाही. तो नुसता मोजतो. प्रवाह उसळला आणि लाईन बंद पडली: एक. पुन्हा तसंच: दोन. आकडा भरला की रिक्लोजरने लाईन तोडलेल्या त्या क्षणात, तार रिकामी असताना, तो आपला फाटा अलग करतो. रिक्लोजरने लाईन कायमची बंद करण्याआधी हे व्हायला हवं, म्हणून त्याचा आकडा रिक्लोजरपेक्षा एकने कमी लावतात. पुढच्या जोडणीला बाकीचा फीडर (सबस्टेशनातून निघालेली लाईन) चालू, अंधार एका वाडीपुरता. यात इंटरनेट लागत नाही, मोबाईलची रेंजही नाही.

आता यावर संदेशवहन चढतंय. बिघाड कुठल्या टप्प्यात आहे ते सेन्सर कळवतात. काही स्मार्ट मीटर वीज जाताच साठवलेल्या इवल्याशा विजेवर शेवटचा निरोप धाडतात. पण 'स्मार्ट'चा गाजावाजा जरा बेतानेच घ्यावा. दुसऱ्या बाजूने वीज फिरवायला दुसरी लाईन हवी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात झाले तसे खांबच आडवे झाले, तर ते माणसांनीच उभे करायचे.

आणि तुटून पडलेल्या तारेला लाईट गेलेली असली तरी हात लावू नका. रिक्लोजरचा पुढचा प्रयत्न बाकी असू शकतो.