‘एलआय’वर अडकलेला पीसी: बूट मॅनेजरची पार्श्वभूमी

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मिळणारा पेंटियमच्या काळातला डबा घरी आणून चालू करावा, तर कधी कधी पडद्यावर नुसतं ‘एलआय’ उमटतं आणि मशीन थिजतं. डिस्क गेली, असा निकाल लगेच दिला जातो. बहुतेकदा तो चुकीचा असतो. ही दोन अक्षरं लिलो या बूट मॅनेजरच्या, म्हणजे मशीन सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम निवडून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, नावातली आहेत; मूळ मात्र १९८३ मध्ये आहे.

त्या मार्चमध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी आला, १० एमबी हार्ड डिस्कसह, आणि सोबत पीसी-डॉस २.०. डिस्कच्या पहिल्या सेक्टरच्या (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सगळ्यांत लहान तुकडा) ५१२ बाइटांची वाटणी तेव्हाच ठरली: ४४६ बाइट प्रोग्रॅमला, ६४ बाइट पार्टिशन टेबलला (डिस्कच्या भागांचा तक्ता, १६ बाइटांच्या चार नोंदी) आणि शेवटचे दोन ‘५५ एए’ या खुणेला. मशीन चालू होताच बायोस, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम, हा पहिला सेक्टर मेमरीत आणून सोडतो. त्यातला प्रोग्रॅम चारपैकी कोणत्या नोंदीवर ‘अ‍ॅक्टिव्ह’ खूण आहे ते बघतो आणि त्या पार्टिशनचा पहिला सेक्टर चालवतो. विचारणं वगैरे काही नाही. एका डिस्कवर डॉस आणि झेनिक्स (मायक्रोसॉफ्टचं युनिक्स) नांदवायचे, तर एफडिस्क या पार्टिशन पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जाऊन खूण हलवायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचं.

१९९२ मध्ये ओएस/२ २.० या आयबीएमच्या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत आलेल्या बूट मॅनेजरने मेन्यू दिला, पण त्याला स्वतःचं पार्टिशन लागायचं. १ एमबी पुरे, तरी पार्टिशन अख्ख्या सिलिंडरच्या (सगळ्या थाळ्यांवरच्या एकाच अंतरावरच्या ट्रॅकच्या) मापात पडत असल्याने मोठ्या डिस्कवर जवळपास ८ एमबी जात, शिवाय चारातली एक नोंद अडे ती वेगळीच. त्याच सुमारास लिनक्सचा लिलो आला. विंडोज ९५ मात्र बसताना न विचारता पहिला सेक्टर नव्याने लिहायचं. म्हणून आधी डॉस, मग ९५ किंवा ९८, मग विंडोज एनटी आणि सगळ्यांत शेवटी लिनक्स, हा क्रम आजही पाळावा.

लिलोला फाइल सिस्टिम कळत नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कवर नेमका कुठे आहे याचे सेक्टरचे पत्ते तो आधीच लिहून ठेवतो. कर्नल बदलला आणि लिलो पुन्हा चालवला नाही, तर पत्ते शिळे. आपलं नाव तो टप्प्याटप्प्याने छापतो: पहिला टप्पा सुरू झाला की ‘एल’, दुसरा मेमरीत आला की ‘आय’. म्हणजे ‘एलआय’वर थांबला, तर दुसरा टप्पा वाचला गेला पण चालला नाही. याचं नेहमीचं कारण डिस्कची भूमिती, म्हणजे तिचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर किती मोजले जातात ते.

बायोसच्या जुन्या पद्धतीत सिलिंडरला १० बिट, हेडला ८ आणि सेक्टरला ६. त्यामुळे १०२४ सिलिंडरपलीकडचं त्याला दिसत नाही. आयडीई या तेव्हाच्या नेहमीच्या जोडणीवरच्या डिस्कच्या १६ हेडच्या मर्यादेशी याची सांगड घातली, की गाडी ५२८ एमबीवर अडते. यावर उपाय म्हणून बायोस डिस्कला खोटे आकडे देऊ लागला: ४.३ जीबीची डिस्क एलबीए (सेक्टरना सलग क्रमांक देणाऱ्या) मोडमध्ये २५५ हेडची, नॉर्मलमध्ये फार तर १६ हेडची. सीमॉसची (बायोसचं सेटिंग जपणाऱ्या मेमरीची) बॅटरी संपली किंवा डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, की मोड बदलू शकतो आणि तेच पत्ते भलत्याच जागी नेतात.

म्हणून आधी घड्याळ बघावं. तारीख मागे गेली असेल, तर ३ व्होल्टची सीआर२०३२ बदलावी. (३८६-४८६ च्या बोर्डावर डाग दिलेली निकेल-कॅडमियम बॅटरी असेल, तर ती आधी काढावी, गळली की बोर्डावरच्या रेषा खाते.) मग सेटअपमध्ये डिस्कचा मोड एलबीए करावा. तरी ‘एलआय’च आलं, तर लिनक्सच्या फ्लॉपीने मशीन उठवून, कॉन्फिग फाइलीत ‘लिनिअर’ ही ओळ घालून लिलो पुन्हा चालवावा. त्याआधी बायोसमधली ‘व्हायरस वॉर्निंग’ बंद ठेवावी, नाहीतर पहिल्या सेक्टरवर लिहिताना ती आडवी येते.

ती सोय आली कारण हा सेक्टर व्हायरसचंही आवडतं घर होता. १९९० मध्ये भारतात सापडलेला ‘जोशी’ इथेच बसायचा आणि ५ जानेवारीला ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करून घ्यायचा. आडनाव आपलं, मान मात्र कीबोर्डची धरायचा. अशांवर ‘एफडिस्क /एमबीआर’चा (एमबीआर म्हणजे हाच पहिला सेक्टर) उतारा सर्रास सांगितला जाई. तो पार्टिशन टेबल तसंच ठेवून फक्त प्रोग्रॅम नवा लिहितो. पण मंकीसारख्या व्हायरसने खरं टेबल दुसरीकडे हलवलेलं असतं, किंवा मोठ्या डिस्कसाठीचं डिस्क मॅनेजर याच ट्रॅकवर बसलेलं असतं. तिथे हा उतारा दिला, की सगळी पार्टिशनं नाहीशी झाल्यासारखी दिसतात.

लिलो पहिल्यांदा बसताना जुना सेक्टर ‘/बूट’मध्ये ‘बूट.०३००’ या नावाने जपून ठेवतो. तो परत लिहिताना पहिले ४४६ बाइटच लिहावेत; पूर्ण ५१२ लिहिले, तर मधल्या काळात केलेली पार्टिशनं जातील. आणि कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मार्करने डिस्कचा मोड लिहून ठेवावा. डिस्कवरच्या लेबलावर हेड-सिलिंडर असतात, मोड नसतो.