हिवाळी वादळाच्या आठवड्यात आमचा हवामानाचा निरोप कसा वाचावा

देवगड, विजयदुर्ग, आचरा, मालवण पट्ट्यातील नौकामालक, तांडेल, पर्यटन होडीवाले आणि बागायतदार ग्राहकांसाठी

नमस्कार.

आमचे दुकान इंजिन दुरुस्तीचे आणि नौकासामानाचे. हवामान हा काही आमचा धंदा नाही. तरी नोव्हेंबर ते जानेवारीत समुद्र बिघडण्याची चिन्हे दिसली की रोज संध्याकाळी ग्राहकांच्या व्हॉट्सअ‍ॅप यादीवर आम्ही चार ओळींचा निरोप टाकतो. त्यात मनाचे काही नसते. हवामान विभागाच्या मुंबई केंद्राचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज वाचून आपल्या किनाऱ्यापुरते तेवढे उतरवतो. निरोप गेला की फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: "वादळ येतलां काय?"

खरे म्हणजे हिवाळ्यात हा प्रश्न विचारून फारसा उपयोग नाही. का ते सांगतो.

वादळ विरते, लाट येते

डिसेंबरात लक्षद्वीप-मालदीवच्या आसपास, म्हणजे बातम्यांतल्या 'आग्नेय अरबी समुद्रात', कमी दाबाचे क्षेत्र तयार होणे नवलाचे नाही. ते उत्तरेकडे सरकू लागले तरी बहुतेक वेळा आपल्या उंबरठ्याशी येईपर्यंत त्याचा जीव गेलेला असतो. उत्तरेकडचे पाणी थंड, जमिनीवरून येणारी हवा कोरडी, आणि वरच्या थरातले जोराचे पश्चिमी वारे ढगांचा माथाच उडवून नेतात. म्हणून निरोपात 'तीव्रता कमी होण्याची शक्यता' असे आले की लोक सुटकेचा श्वास टाकतात. पण वादळाने दोन दिवस आधी उठवलेली लाट वादळाबरोबर मरत नाही. ती वाटेला लागलेली असते.

२०१७ चे ओखी आठवा. ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीच्या दक्षिणेला ते चक्रीवादळ झाले, मग लक्षद्वीपवरून वर सरकले आणि गुजरातजवळ पोहोचेपर्यंत विरले. कोकणच्या किनाऱ्यावर ते चढलेच नाही. तरी केरळ-तामिळनाडूच्या साठाहून जास्त बोटी आपल्या देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या आणि ५ डिसेंबरला मुंबईपर्यंत शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्यात ३ तारखेला पौर्णिमा, दत्तजयंती. म्हणजे लांबून आलेली लाट आणि उधाणाची भरती एकाच वेळी.

उलट दाखला फयानचा. ११ नोव्हेंबर २००९ ला ते अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान थेट किनाऱ्यावर आले, आणि वाटेत रत्नागिरी-सिंधुदुर्गाला झोडपून गेले. त्यामुळे नोव्हेंबर आणि पौष एका मापाने मोजू नका. नोव्हेंबरात समुद्राच्या पाण्यात अजून ऊब असते.

आता लाटेचा हिशेब. निरोपात लाटेची उंची असते आणि तिच्यापुढे सेकंद असतात. सेकंद म्हणजे एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचा वेळ. बरेच जण उंची वाचतात आणि सेकंद सोडून देतात. आम्हाला विचाराल तर आधी सेकंद वाचा. १२ सेकंदांची लाट खोल पाण्यातून दिवसाला सुमारे ८०० किलोमीटर सरकते. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयच्या आसपास उठलेली लाट आपल्याकडे यायला सव्वा दिवस पुरतो. तोवर तुमच्या डोक्यावर स्वच्छ आकाश आणि पहाटेचा नेहमीचा मतलई असू शकतो. किनाऱ्यावर ऊन आहे म्हणून खाडीचे तोंड शांत असेल असे धरून चालू नका.

दुसरी हिवाळी लाट वायव्येकडची. इराणच्या आखातात 'शमाल' नावाचा वारा सुटला की त्याची लाट अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागते. कुठेही कमी दाबाचे क्षेत्र नसते, बातमी नसते, तरी पाणी दोन दिवस अस्वस्थ. ही लाट सहा-आठ सेकंदांची, आखूड आणि उभी. छोट्या फायबर होडीला हीच जास्त ठोकते.

निरोपातली 'दीड मीटर' ही उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून येणारी एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट असू शकते. एरवी हिवाळ्यात आपल्याकडे लाट मीटरभराच्या आतबाहेर असते, म्हणून आकडा दोनवर गेला की आम्ही निरोपात तो ठळक करतो.

खाडीच्या तोंडाशी काय होते

देवगडचे बंदर आडोशाचे, त्यामुळे देवगडकरांना याची झळ कमी. आचऱ्याच्या आणि देवबागच्या ग्राहकांनी मात्र हे नीट वाचावे. दीड मीटरची लाट साधारण दोन मीटर पाण्यात फुटते. खाडीच्या तोंडाशी साचलेल्या वाळूवर ओहोटीला तेवढेच पाणी उरते. त्यात ओहोटीचे पाणी खाडीतून बाहेर धावत असते, लाट समोरून आत येत असते; दोन्ही भिडले की लाट उभी राहते आणि जागच्या जागी फुटते. बाहेर खुल्या समुद्रात जी लाट बोटीखालून सरकून जाते, तीच इथे बोट आडवी करते.

म्हणून वादळी आठवड्यात परत यायची वेळ आधी ठरवा, जायची नंतर. भरतीचे गणित सगळ्यांना पाठ आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. हे ढोबळ आहे, पण कामाचे आहे. ४० नॉटिकल मैलांवर गेलेल्या बोटीला सात नॉटने (ताशी सात नॉटिकल मैल) परतायला पावणेसहा तास लागतात, ते शांत पाण्यात. समोरून लाट असेल तर सात नॉट विसरा. इशारा दुपारी चारला हाती आला आणि भरती रात्री दहाची असेल, तर निघायची वेळ चारच. आणखी एक जाळे ओढून मग निघू म्हणाल तर आत शिरताना ओहोटी लागलेली असेल.

वाऱ्याचे आकडे आणि बावटे

हवामान विभाग वारा कधी नॉटमध्ये देतो, कधी ताशी किलोमीटरमध्ये. नॉटची दुप्पट करून थोडे कमी करा. वारा दीडपट झाला की त्याचा रेटा सव्वादोनपट होतो. २० नॉटमध्ये निभावले म्हणून ३० नॉटमध्ये 'थोडे जास्त' असेल, हा हिशेब चुकतो.

वाऱ्याचा वेग ताशी ३१ ते ४९ किमी असेल तर 'डिप्रेशन', ५० ते ६१ ला 'डीप डिप्रेशन', ६२ पासून पुढे चक्रीवादळ. चक्रीवादळाला नाव मिळते, आणि नाव मिळाले की टीव्हीवाले जागे होतात. तुमच्या बोटीला मात्र डीप डिप्रेशन पुरेसे आहे.

बंदरावर लावलेला इशाऱ्याचा एक आणि दोन नंबरचा बावटा दूर समुद्रातल्या धोक्याचा. तीन नंबर लागला म्हणजे बंदरालाच वादळी वाऱ्याचा धोका, साधारण ताशी ४० ते ५० किमी. चार नंबर म्हणजे वादळाचा रोख बंदराकडे असू शकतो. त्यापुढचे नंबर वाचत बसायची वेळ येऊ नये. आमच्या निरोपात काही लिहिलेले असो, बावटा आणि मत्स्यव्यवसाय खात्याची सूचना त्याच्या वर. "तुमच्या निरोपात तर ठीक होतं" हे कारण बंदरावर चालणार नाही, आणि आम्हालाही ते ऐकायचे नाही.

वादळाच्या मार्गाचा नकाशा पाठवला की लोक मधली रेघ बोटाने मोजतात. रेघेभोवतीचा पसरट भाग पाहा. २४ तासांच्या अंदाजातही केंद्राची जागा सरासरी ७०-८० किमी इकडेतिकडे होते. देवगड ते रत्नागिरी सरळ अंतर जवळपास तेवढेच भरते. चक्रीवादळ असताना दर तीन तासांनी नवे बुलेटिन निघते, म्हणून कालचा नकाशा आज कुणाला पुढे पाठवू नका.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे थोडा पाऊस नव्हे

पावसाच्या ओळीवर सगळ्यात जास्त वाद आंबा बागायतदारांचे होतात. 'कोकणात तुरळक ठिकाणी मध्यम पाऊस' यातले 'तुरळक' हे जागांबद्दल आहे. उपविभागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. उपविभाग म्हणजे पालघरपासून पार गोव्यापर्यंत. पाऊस किती, ते 'मध्यम' सांगते: २४ तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर. जिथे पडेल तिथे मोहोर धुऊन निघेल आणि शेजारच्या वाडीत धूळही बसणार नाही, आणि तरी अंदाज बरोबर ठरेल. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊणपर्यंत. 'बऱ्याच ठिकाणी' दिसले की फवारणी पुढे ढकला.

पाऊस पडला नाही तरी ढगाळ, दमट हवा दोन-तीन दिवस राहिली की मोहोरावरचे भुरी-करपा हे रोग आणि तुडतुडा ही कीड तयारच असतात. औषध कुठले, किती, हे आम्ही सांगणार नाही. पंप आमचा, औषध आमचे नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे मोहोर संरक्षण वेळापत्रक आणि मंगळवार-शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला पाहा. देवगड तालुक्यात रामेश्वरचे आंबा संशोधन उपकेंद्र हाकेच्या अंतरावर आहे, तिथे जाऊन विचारा. आमच्याकडून फवारणी पंप भाड्याने घेतलेल्यांना एक सवलत: पावसाच्या इशाऱ्यामुळे काम थांबले तर त्या दिवसाचे भाडे लागणार नाही. मात्र सकाळी नऊच्या आत कळवा.

सुक्या मासळीवाल्या ताईंसाठी एवढेच, की निरोपात ढगाचे चिन्ह दिसले तर दुपारनंतर नवी मासळी वाळत घालू नका. ताडपत्री आमच्याकडे मिळते.

इंजिन वादळात बंद का पडते

आता आमच्या खऱ्या धंद्याचे. उधाणाच्या पाण्यात बंद पडून ओढत आणलेली इंजिने आम्ही उघडतो, तेव्हा बहुतेकांत मोडलेले काहीच नसते. फिल्टर चोक झालेला असतो. डिझेलच्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा काळा गाळ आणि थोडे पाणी बसलेले असते. शांत समुद्रात ते तळाशी पडून राहते, पुरवठ्याची नळी त्याच्या वर, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. बोट हलायला लागली की टाकी ताकासारखी घुसळते, गाळ वर येतो आणि अर्ध्या तासात फिल्टर भरतो. इंजिन आधी दम खाल्ल्यासारखे करते, फेरे कमी होतात, तांडेल थ्रॉटल वाढवतो, आणि ते बंद पडते. नेमके खाडीच्या तोंडाशी, कारण लाट तिथेच सगळ्यात वाईट.

उपाय स्वस्त आहे. हंगामात एकदा टाकीचा तळ रिकामा करून धुऊन घ्या. पाणी वेगळे करणाऱ्या वाटीचा नळ रोज सकाळी सोडा. बाटलीत धरून पाहा, डिझेलखाली पाण्याचा थर उभा दिसतो. टाकी अर्धी रिकामी ठेवून बोट नांगरू नका, हिवाळ्याच्या गार रात्री आतल्या पत्र्याला पाणी सुटते. दोन फिल्टर आणि ते खोलायचा पाना इंजिनजवळच ठेवा, केबिनमधल्या बाकाखाली नको. आणि फिल्टर बदलून डिझेलच्या नळीतली हवा (एअर) काढणे किमान दोन खलाशांना अंधारात जमले पाहिजे. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी खलाशांना दुकानात पाठवा, आम्ही पैसे घेत नाही.

बिल्ज पंपाचा (बोटीच्या तळातले पाणी उपसणाऱ्या पंपाचा) फ्लोट हाताने उचलून पाहा, चालू झाला म्हणजे झाले. बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ सोळा नंबरच्या चॅनलवर ठेवा. लाइफ जॅकेट घडी घालून प्लास्टिकमध्ये ठेवलेले असेल तर ते नसल्यात जमा.

दुकानाचे नियम

तीन नंबरचा बावटा असेपर्यंत आम्ही दुरुस्त इंजिनची समुद्रात ट्रायल घेत नाही, कितीही घाई असली तरी. ट्रायलशिवाय बोट नेली तर त्या कामाची हमी आम्ही देत नाही. इशारा लागल्यावर दुरुस्तीला आलेल्या कामांत आधी परतीच्या वाटेवरच्या बोटी, मग बंदरात उभ्या असलेल्या. त्या आठवड्यात दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे असते. फिल्टर, दोर आणि नांगराची साखळी उधारीवर नेता येईल. नोंद वहीत होईल, हिशेब बावटा उतरल्यावर.

समुद्रात संकट आले तर पहिला फोन आम्हाला करू नका. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. बोटीचे नाव, जीपीएसवरची जागा आणि माणसे किती, या क्रमाने सांगा. दोन्ही नंबर आणि हा क्रम केबिनमध्ये खडूने लिहून ठेवले तर घाबरलेल्या माणसालाही वाचता येतात.

निरोप संध्याकाळी सातच्या आसपास येतो. आला नाही तर समुद्र ठीक आहे असे समजू नका, आमचे नेटवर्क गेलेले असू शकते. बंदरावर जाऊन बावटा बघा. यादीत नाव घालायचे किंवा काढायचे असेल तर दुकानात सांगा, आणि कुठल्या बंदरातून बोट सोडता तेही सांगा, कारण विजयदुर्ग आणि देवबागला आम्ही वेगवेगळे निरोप पाठवतो.