मुलांना घरी शिकवण्याआधी: कायदा, शाळेचा दाखला आणि दहावीच्या परीक्षेची कागदपत्रे

मुलाला शाळेत न पाठवता घरीच शिकवायचे ठरले की बहुतेक पालक सर्वप्रथम विचारतात, परवानगीचा अर्ज कोणाकडे करायचा. भारतात असा अर्जच नाही. गृहशिक्षणाची नोंदणी करणारे सरकारी कार्यालय नाही, त्यासाठी विहित नमुना नाही आणि त्याचे प्रमाणपत्रही मिळत नाही. हे ऐकून अनेकांना हायसे वाटते, परंतु जी कागदपत्रे एरवी शाळा वर्षानुवर्षे सांभाळते ती आता पालकांनाच जमवावी लागणार, हाही त्याचाच अर्थ आहे. मूल दहावीच्या परीक्षेला कोणत्या मार्गाने बसणार हे ढोबळमानाने आधी ठरवावे आणि तेथून मागे येत आज कोणता कागद हाती हवा ते पाहावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

प्रथम कायद्याची बाजू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू असून तो ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम १० नुसार मुलाला नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. मात्र हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकांसाठी अधिनियमात कोणतीही शिक्षा सांगितलेली नाही. गृहशिक्षणाला या कायद्यात स्पष्ट मान्यता नाही आणि स्पष्ट मनाईही नाही, ही वस्तुस्थिती पालकांनी डोळ्यांआड करू नये. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक घरी येतात, तेव्हा मूल काय शिकते, कशावरून शिकते आणि पुढे कोणत्या परीक्षेला बसणार आहे, हे शांतपणे सांगता यावे आणि त्याची वही, कामाचे नमुने व वाचलेल्या पुस्तकांची यादी दाखवता यावी. या नोंदी कायद्याने सक्तीच्या नाहीत, तरी त्या ठेवाव्यात, कारण शाळाबाह्य राहिलेले मूल आणि घरी शिकणारे मूल यांतला फरक परक्या माणसाला केवळ त्यांवरूनच दिसतो.

मूल आधीपासून शाळेत जात असेल तर सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला आपण सर्रास एलसी म्हणतो. काही पालक मुलाला शाळेत पाठवणे नुसते बंद करतात आणि नाव पटावर तसेच राहू देतात. असे करू नये. मुख्याध्यापकांच्या नावे साधा लेखी अर्ज द्यावा, त्यात मुलाचे पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, जनरल रजिस्टर क्रमांक आणि शाळा सोडण्याचा दिनांक लिहावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेची पोच घ्यावी. नवी शाळा कोणती, असे कार्यालयात विचारले जाण्याची शक्यता असते. तेव्हा खोटे नाव सांगू नये, मूल घरी शिकणार आहे असेच लिहून द्यावे. दाखला हाती पडताच तो तिथल्या तिथे वाचावा. मुलाचे, वडिलांचे व आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म व जात या नोंदी जन्मदाखल्याशी आणि घरातील जुन्या कागदांशी जुळतात का, हे बारकाईने पाहणे आवश्यक आहे, कारण शाळा सोडल्यानंतर रजिस्टरमधील चूक दुरुस्त करून घेणे फार किचकट होते. दाखल्यासोबत आतापर्यंतची सर्व प्रगतिपुस्तके घ्यावीत आणि यूडायस (शाळा व विद्यार्थ्यांची माहिती ठेवणारी सरकारी संगणकीय प्रणाली) मधील मुलाचा कायम क्रमांकही विचारून लिहून ठेवावा, कारण पुढे पुन्हा शाळेत जायचे झाल्यास तो लागतो.

जे मूल कधीच शाळेत गेलेले नाही त्याच्याकडे हा दाखला नसणार, आणि म्हणून त्याच्या जन्मदाखल्याला अधिक वजन येते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शैक्षणिक प्रवेशाच्या वेळी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. त्यावर मुलाचे नाव नोंदवलेले आहे ना, हे आजच तपासावे. आधार कार्डावरील नाव व जन्मतारीख त्याच्याशी अक्षरशः जुळावी, आणि वयाच्या पाचव्या व पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद अद्ययावत करून घ्यावी. आरक्षित प्रवर्गातील कुटुंबांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी: जात प्रमाणपत्र व जात पडताळणीच्या वेळी मुलाचा स्वतःचा शालेय दाखला मागितला जातो, आणि तो नसेल तर वडील, आजोबा व वडिलांकडील नातेवाईक यांच्या शालेय व महसुली नोंदींवर सारी भिस्त राहते. त्या नोंदींच्या प्रमाणित प्रती मूल लहान असतानाच काढून ठेवाव्यात.

परीक्षेचा सर्वांत सोयीचा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा आहे. १९८९ साली स्थापन झालेली ही संस्था केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत असून तिची दहावी व बारावी इतर मंडळांच्या परीक्षांशी समकक्ष मानली जाते. दहावीच्या प्रवेशासाठी किमान वय १४ वर्षे आहे. आठवी उत्तीर्ण असल्याचे प्रमाणपत्र नसेल तर दहावीचा अभ्यास करण्यास आपण सक्षम आहोत असे स्वयंघोषणापत्र चालते, आणि कधीच शाळेत न गेलेल्या मुलासाठी याच तरतुदीमुळे दार उघडते. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. त्यासाठी छायाचित्र, सही, ओळखीचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. किमान पाच विषय निवडावे लागतात, त्यांत किमान एक आणि जास्तीत जास्त दोन भाषा असाव्यात. माध्यम म्हणून मराठीही घेता येते. प्रवेश पाच वर्षे वैध राहतो आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, त्यामुळे सर्व विषय एकाच वेळी देण्याची सक्ती नसते. परीक्षा सामान्यतः एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन सत्रांत होतात. विषय निवडताना मात्र घाई करू नये: अकरावीला विज्ञान शाखा हवी असल्यास गणित व विज्ञान आताच घेतलेले बरे. अभ्यासकेंद्र घराजवळचे निवडावे, कारण प्रात्यक्षिकांसाठी प्रत्यक्ष जावे लागते. याच संस्थेचे मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष आहेत. ते संलग्न केंद्रांमार्फत देता येतात, पण दहावीसाठी ते अनिवार्य नाहीत.

महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावी खासगीरीत्या द्यायची असल्यास सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. हा अर्जही ऑनलाइन असून त्यासोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड व छायाचित्र लागते. म्हणजेच काही इयत्ता शाळेत शिकून बाहेर पडलेल्या मुलांसाठी हा मार्ग उपयोगी आहे. त्याची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, हे विसरू नये. याशिवाय राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ पाचवी व आठवीच्या परीक्षाही घेते, ज्यांना दहावीपूर्वी एखादे अधिकृत गुणपत्रक हवे आहे त्यांनी त्याचा विचार करावा.

आठवीपर्यंतच्या वयात मूल शाळेत परतू इच्छित असेल तर वर उल्लेखिलेल्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ४ नुसार त्याला वयानुरूप इयत्तेत प्रवेश आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे, आणि कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. एनआयओएसमधून दहावी झालेल्या मुलांना गुणपत्रकाबरोबर स्थलांतर प्रमाणपत्र मिळते; कनिष्ठ महाविद्यालयात शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या जागी तेच सादर करायचे असते, म्हणून अकरावीच्या प्रवेशाला जाताना त्याची मूळ प्रत सोबत न्यावी.