लहान आतडं टेनिस कोर्टाएवढं? छे, त्याच्या जवळपासही नाही

'लहान आतडं उलगडून पसरलं तर टेनिस कोर्ट झाकलं जाईल' हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलोय. ते चूक आहे. टेनिस कोर्ट साधारण 260 चौरस मीटरचं असतं. 2014 साली स्वीडनच्या हेलांडर आणि फेंड्रिक्स यांनी नव्याने मोजमाप केलं, तेव्हा अख्ख्या पचनमार्गाच्या अस्तराचं क्षेत्रफळ भरलं सुमारे 32 चौरस मीटर. त्यात मोठं आतडंही आलं, पण त्याचा वाटा जेमतेम 2 चौरस मीटर.

मला तर हा खरा आकडाच जास्त थक्क करतो. आधी अस्तराला घड्या, घड्यांवर मखमलीच्या लवेसारखे मिलिमीटरभर उंचीचे रसांकुर, आणि रसांकुरावरच्या प्रत्येक शोषक पेशीच्या माथ्यावर हजारो सूक्ष्मांकुर. ग्लुकोज आणि अमिनो आम्लं इथून थेट रक्तात जातात. बहुतेक स्निग्धांश मात्र रसांकुराच्या मधोमध असलेल्या लसिकावाहिनीतून (लसिका हा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळीतून), आडवाटेने.

आणि हे सगळं पेशींच्या एकाच थरावर! मग जीवाणू आत का घुसत नाहीत? थरावर चिकट श्लेष्मा असतो, त्यात जीवाणूंना धरून ठेवणारी आयजीए नावाची प्रतिपिंडं, म्हणजे शरीराची संरक्षक प्रथिनं. रसांकुरांच्या पायथ्याशी खोल खळगे असतात, त्यांच्या तळाशी पॅनेथ पेशी बसलेल्या. त्या लायसोझाइम नावाचं विकर सोडतात, ते जीवाणूंची भित्तिका तोडतं. त्यांनीच सोडलेली डिफेन्सिन नावाची छोटी प्रथिनं जीवाणूंच्या पटलाला भोकं पाडतात. शेजारच्याच मूळपेशी तीन ते पाच दिवसांत वरच्या शोषक पेशी नव्या करून देतात.