हायब्रीड टोमॅटोचं बी पालटतं, बगलफूट पालटत नाही

बाजारातल्या पिकलेल्या हायब्रीड, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेल्या, टोमॅटोचा गर कुंडीत पिळला की आठवड्याभरात रोपं वर येतात. मग बियांचं पाकीट विकत आणायचं कशाला, असं वाटणं साहजिक आहे. रोपं जोमाने वाढतात, फुलतात, फळंही धरतात. पण कधी कधी त्यातलं एखादं झाड हट्टाला पेटल्यासारखं वागतं. त्याची फळं पूर्ण वाढतात, पण लाल होत नाहीत. हिरव्याची फिकट पिवळी होतात आणि तशीच टणक राहतात. तोडून पिकलेल्या केळ्यांबरोबर डब्यात ठेवली तरी फरक पडत नाही. खतपाण्यात काही चुकलं का, असा प्रश्न पडतो, पण दोष खतपाण्याचा असेलच असं नाही. तो त्या झाडाच्या घराण्यातही असू शकतो.

टोमॅटो पिकताना स्वतः इथिलीन वायू तयार करतो आणि त्या वायूच्या इशाऱ्यावर रंग, वास, मऊपणा येतो. १९६८ साली या साखळीच्या मुळाशीच बिघाड असलेलं एक झाड शास्त्रज्ञांनी नोंदवलं. त्या बदललेल्या जनुकाला ‘रिन’ म्हणतात. दोन्ही पालकांकडून रिन मिळाला तर फळ नीट पिकतच नाही, बाहेरून इथिलीन दिला तरीही. पण एकाच पालकाकडून मिळाला तर गंमत होते. फळ पिकतं, लाल होतं, फक्त सावकाश, आणि तोडल्यावर बरेच दिवस टणक राहतं. लांबच्या बाजारात माल पाठवणाऱ्याला याहून काय हवं? म्हणूनच जगभरातल्या अनेक टिकाऊ हायब्रीड टोमॅटोंचा एक पालक रिनवाला आणि दुसरा साधा असतो. चवीच्या बाबतीत हा सौदा तोट्याचाच आहे, असं माझं मत.

अशा टोमॅटोतलं बी पेरलं की मेंडेलचं गणित सुरू होतं. वाटाण्यावरच्या प्रयोगांतून त्याने १८६६ साली जे प्रसिद्ध केलं तेच. सरासरी चार रोपांत एकाला रिन मुळीच मिळत नाही, दोघांना एकेक मिळतो आणि एकाला दोन. हे शेवटचं झाड म्हणजे आपलं ते पिवळं हट्टी झाड.

‘शेजारच्या झाडाचे परागकण आले, म्हणून बी बिघडलं’ हा समज मात्र सोडून द्यायला हवा. टोमॅटोच्या फुलात पुंकेसर एकमेकांना चिकटून नळी बनते, स्त्रीकेसर तिच्या आत असतो आणि फूल बहुधा स्वतःच्याच परागांनी फळतं. फक्त ते परागकण सुटायला थरथर लागते. वारा ती देतो. काही भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतात आणि पराग झाडून घेतात. मधमाशीला ही कला येत नाही. त्यामुळे बंदिस्त बाल्कनीत सकाळी फुलोऱ्याच्या देठाला हलकी टिचकी मारावी, फळधारणा वाढते. पण मुद्दा असा की आसपास दुसरं टोमॅटोचं झाडच नसलं तरी हायब्रीडचं बी पालटणारच, कारण फाटाफूट त्याच्या स्वतःच्या जनुकांची होते.

फूल असं स्वतःपुरतं असल्याने हायब्रीड बी तयार करणं फार कष्टाचं आहे. आपल्याकडे बुलडाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा परिसरात शेडनेटमध्ये हे काम चालतं, कर्नाटकात राणेबेन्नूरकडे. उमलायच्या आदल्या दिवशी कळी चिमट्याने उघडून पुंकेसर काढून टाकायचे, उमलल्यावर नर वाणाचे पराग बोटाने किंवा पराग भरलेल्या छोट्या कडीने कुक्षीला, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकाला, लावायचे, आणि खूण म्हणून फुलाची एक-दोन हिरवी संदलं कापायची. फळ पिकल्यावर कापलेल्या संदलांचीच फळं बियांसाठी घेतात. प्रत्येक फुलाला माणसाचा हात लागतो, म्हणून बी महाग. यात जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदलणं, वगैरे काही नाही; तसा टोमॅटो भारतात लागवडीला मंजूरच नाही. भारतात पहिला संकरित टोमॅटो बाजारात आला तो १९७३ मध्ये, बेंगळुरूच्या एका कंपनीचा ‘कर्नाटक’.

घरासाठी मी ‘अर्का रक्षक’ सुचवेन. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचं हे हायब्रीड लीफ कर्ल (पानं आकसवणारा) विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा अशा तिघांना तोंड देतं. कुंडीतल्या माणसाला औषध फवारायचं नसतं, त्यामुळे हा गुण उत्पादनापेक्षा मोलाचा. झाडाला १८ किलो फळं निघतात असं संस्था सांगते, पण ती शेतातली गोष्ट. गॅलरीत तशी आशा ठेवू नये. समजा, सोयीसाठी, हे तिन्ही प्रतिकार एकेका प्रबळ, म्हणजे एकाच प्रतीने काम भागवणाऱ्या, जनुकाचे आहेत आणि हायब्रीडमध्ये प्रत्येकाची एकच प्रत आहे. मग त्याच्या बियांपासून आलेल्या शंभर रोपांपैकी साधारण ४२ रोपांतच तिन्ही प्रतिकार एकत्र सापडतील. प्रत्यक्षात मर आणि करपा यांच्यामागे अनेक जनुकं असतात, म्हणजे गुंता आणखी वाढतो.

मात्र घरच्या बागेला एक पळवाट आहे, जी एकरभर लावणाऱ्याला परवडत नाही. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून फुटणारी बगलफूट आपण एरवी खुडून टाकतो. ती हातभर होण्याआधी, १२-१५ सेंटिमीटरची असताना खुडावी, खालची पानं काढावीत आणि ओल्या कोकोपीटमध्ये सावलीत खोचावी. टोमॅटोच्या खोडावर दिसणारे बारीक फोड म्हणजे मुळांचे कोंब. आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. इथे परागही नाहीत आणि वाटणीही नाही, म्हणून नवं रोप मूळ हायब्रीडच असतं, तिन्ही प्रतिकारांसकट. ऑक्टोबरात लावलेलं झाड जानेवारीत थकायला लागतं, तेव्हा हे करावं. उन्हाळ्यात फळं मिळतील असं मात्र नाही: दिवसा ३५ अंशांच्या पुढे आणि रात्रीही उकाडा असला की पराग निकामी होतात, फुलं गळतात.

फांदीबरोबर रोगही येतो. पानं आकसलेल्या, चट्ट्यापट्ट्या दिसणाऱ्या झाडाची फूट घेऊ नये. बियातून बरेच विषाणू पुढे जात नाहीत, फांदीतून जातात. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी पाकिटाकडे परत यावंच लागतं. तेही अवघड नाही. एका ग्रॅममध्ये साधारण ३०० बिया असतात, घरी लागतात पाच-सहा. उरलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवल्या तर तीन-चार वर्षं उगवतात. बियांवर रंगीत थर असला तर ते औषध असतं. हात धुवावेत, मुलांपासून लांब ठेवावं.

ज्यांना बी राखायचंच आहे त्यांनी सरळ वाण, म्हणजे ज्याचं बी पालटत नाही असा, घ्यावा: राहुरी कृषी विद्यापीठाचे ‘धनश्री’, ‘भाग्यश्री’ किंवा दिल्लीचा ‘पुसा रुबी’. आणि हौस दांडगी असेल तर हायब्रीडचंच बी पेरावं, आवडलेल्या झाडाचंच बी पुढे धरावं, असं सहा-सात पिढ्या करावं. झाड हळूहळू एकसारखं होत जातं. वर्षाला दोन हंगाम धरले तर तीन-साडेतीन वर्षं, आणि निवडीला वाव राहायचा तर दरवेळी निदान दहा-बारा झाडांची जागा. गॅलरीत ते जमत नाही, परसात किंवा गच्चीवर जमतं.